सुरक्षा कुणाची?
प्रा. मोहम्मद अय्यूब यांच्या अभ्यासाची ओळख

‘सुरक्षा’ हा शब्द आपल्या घरात रोज येतो, पण तो बहुधा टीव्हीवरून येतो. सीमा, क्षेपणास्त्रे, नकाशावर सरकणारे बाण आणि स्टुडिओत बसून हातवारे करणारे निवृत्त अधिकारी. बातम्या संपतात, टीव्ही बंद होतो, आणि घरातली माणसे आपापल्या काळज्यांकडे वळतात. रात्रपाळीहून परतणारा मुलगा अजून का आला नाही, आजोबांच्या जुन्या दाखल्यावर नाव चुकले आहे त्याचे काय करायचे, उद्या बाजाराच्या गावी जायचे तर तिकडे वातावरण कसे आहे. या काळज्यांनाही सुरक्षाच म्हणायचे, की तो शब्द फक्त देशांसाठी राखून ठेवलेला आहे?

विद्यापीठांत ‘आंतरराष्ट्रीय संबंध’ नावाचा एक विषय शिकवतात आणि त्याच्या पोटात ‘सुरक्षा अभ्यास’ ही शाखा आहे. त्या शाखेत गेली चाळीसेक वर्षे नेमका हाच वाद चालू आहे. त्या वादात ज्यांचे नाव टाळून पुढे जाता येत नाही, असे एक अभ्यासक म्हणजे प्रा. मोहम्मद अय्यूब. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात त्यांनी शिकवले, मग ऑस्ट्रेलियात आणि सिंगापुरात, आणि पुढे अमेरिकेतील मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीत ते दीर्घकाळ प्राध्यापक होते. आपल्या वाचकांना हे नाव फारसे परिचित नसेल. ते टीव्हीवर दिसणारे अभ्यासक नव्हेत. पण त्यांनी विचारलेले प्रश्न आपल्या उंबरठ्यापर्यंत येतात, म्हणून या अंकात त्यांच्या कामाची ओळख करून देत आहोत.

आधी या शाखेत पूर्वी काय चालत असे ते थोडक्यात सांगतो. दुसऱ्या महायुद्धानंतर हा विषय मुख्यतः अमेरिकेत वाढला. तिथल्या अभ्यासकांपुढे एकच मोठी चिंता होती: अमेरिका आणि सोव्हिएत रशिया यांच्यात अणुयुद्ध पेटू नये. त्यातून ‘वास्तववाद’ म्हणून ओळखली जाणारी विचारसरणी पक्की झाली. तिचा सर्वांत प्रसिद्ध मांडणीकार केनेथ वॉल्ट्झ. त्याचे गाजलेले पुस्तक १९७९ सालचे. ढोबळमानाने मांडणी अशी, की जगात देशांच्या वर कुणी कोतवाल नाही, त्यामुळे प्रत्येक देशाला स्वतःचे रक्षण स्वतःच करावे लागते. धोका बाहेरून येतो आणि तो दुसऱ्या देशाच्या सैन्याचा असतो. देशाच्या आत काय चालले आहे हा या शास्त्राचा विषयच नाही. देश म्हणजे बिलियर्डच्या टेबलावरचे टणक गोळे. ते एकमेकांवर आदळतात, पण आतून सगळे सारखेच.

अय्यूब यांचा आक्षेप साधा होता आणि त्याला उत्तर देणे अवघड होते. १९४५ नंतर युद्धे झाली कुठे? युरोपात, जिथे सगळे रणगाडे समोरासमोर उभे होते, तिथे चाळीस-पंचेचाळीस वर्षे गोळी सुटली नाही. माणसे मेली ती कोरियात, व्हिएतनाममध्ये, अंगोलात, अफगाणिस्तानात, इराण-इराकच्या सीमेवर. आणि त्यांतली बहुतेक युद्धे देशाच्या आतच सुरू झाली होती. बाहेरचे लोक मागाहून शिरले. मग जे शास्त्र देशाच्या आत डोकावायलाच तयार नाही, ते या युद्धांचा अर्थ काय लावणार? मूठभर श्रीमंत देशांचा अनुभव घ्यायचा आणि त्याला जगाचा नियम म्हणायचे, ही या विषयातली जुनी खोड आहे, असे त्यांचे म्हणणे. १९९५ साली आलेल्या त्यांच्या प्रमुख ग्रंथाचा विषय हाच आहे: तिसऱ्या जगातील देशांचा सुरक्षेचा पेच.

या ग्रंथाचा कणा म्हणजे ‘राज्यबांधणी’ ही कल्पना. स्वातंत्र्य मिळाले, झेंडा फडकला, संयुक्त राष्ट्रांत खुर्ची मिळाली, म्हणजे राज्य तयार झाले असे होत नाही. अय्यूब तीन कामे सांगतात. ज्या भूमीवर हक्क सांगितला तिच्यावर प्रत्यक्ष ताबा बसवायचा आणि टिकवायचा. त्या भूमीवर शांतता आणि सुव्यवस्था राखायची, म्हणजे हत्यार फक्त राज्याच्याच हाती राहील हे बघायचे. आणि या सगळ्याचा खर्च भागवण्यासाठी लोकांकडून कर गोळा करायचा. तिन्ही कामांत जबरदस्ती आहे. ज्याच्याकडून काही काढून घेतले जाते तो विरोध करतो, आणि विरोध मोडताना रक्त सांडते.

युरोपातही असेच झाले. इतिहाससंशोधक चार्ल्स टिली याने दाखवून दिले आहे, की १५०० च्या सुमारास युरोपात कमीअधिक स्वतंत्र अशी सुमारे ५०० राज्ये होती, आणि १९०० पर्यंत ती पंचविसेक उरली. बाकीची कुठे गेली? गिळली गेली. या चारशे वर्षांत काय काय घडले ते आपण ऐकून आहोत. १४९२ मध्ये ग्रॅनडा पडले. आणि ज्यांनी धर्म बदलून तिथेच राहणे पत्करले, त्या मोरिस्को लोकांनाही १६०९ ते १६१४ या काळात स्पेनने हाकलून दिले. सुमारे तीन लाख माणसे. पुढे १६८५ मध्ये फ्रान्सच्या राजाने प्रोटेस्टंट प्रजेचे धर्मस्वातंत्र्य काढून घेतले आणि तेही लाखोंच्या संख्येने देशोधडीला लागले. त्या वेळी मानवी हक्कांचा जाहीरनामा नव्हता, वार्ताहर नव्हते, कॅमेरे नव्हते. एकजिनसी राष्ट्र तयार झाले आणि त्याच राष्ट्राच्या नातवंडांनी पुढे सहिष्णुतेवर पुस्तके लिहिली.

आता आशिया-आफ्रिकेतल्या नव्या देशांकडे पाहा. युरोपला जे करायला तीन-चारशे वर्षे लागली, ते या देशांनी तीस-चाळीस वर्षांत करावे अशी अपेक्षा. तेही निवडणुका घेऊन, अल्पसंख्याकांचे हक्क सांभाळून, जगाच्या देखरेखीखाली. सीमा आखल्या दुसऱ्याच कुणीतरी, त्याही अशा की एक जमात चार देशांत वाटली गेली. वर महासत्ता शस्त्रे पुरवायला तयार. अय्यूब म्हणतात, या देशांत हिंसा दिसते तिचे कारण तिथली माणसे जात्याच भांडखोर आहेत हे नव्हे. ही माणसे युरोपच्याच रस्त्याने चालली आहेत, फक्त त्यांना वेळ दिलेला नाही. ‘ती माणसेच तशी’ हे वाक्य आपल्याविषयी पुष्कळदा ऐकलेल्या वाचकांना या मुद्द्याचे मोल वेगळे सांगायला नको.

त्यांच्या मांडणीला त्यांनीच पुढे नाव दिले: ‘सबाल्टर्न वास्तववाद’. २००२ मध्ये लिहिलेल्या एका निबंधात तो सविस्तर आला आहे. सबाल्टर्न हा मुळात ब्रिटिश फौजेतला शब्द, कॅप्टनच्या खालच्या अधिकाऱ्यासाठी वापरला जाणारा. इटलीच्या तुरुंगात बसून ग्रामची याने त्याला ‘दबलेला वर्ग’ असा अर्थ दिला आणि १९८२ पासून रणजित गुहा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय शेतकरी-आदिवासींचा इतिहास लिहिण्यासाठी तो वापरला. अय्यूब तो देशांना लावतात. जगाच्या पंगतीत ज्यांचे पान शेवटी वाढले जाते, असे देश. बहुसंख्य देश असेच आहेत, तरी सिद्धान्त मात्र पहिल्या पंगतीवरून रचले जातात.

हे सगळे हवेतले वाटू नये म्हणून एक उदाहरण जरा विस्ताराने पाहू. अय्यूब यांच्या सुरुवातीच्या पुस्तकांपैकी एक बांगलादेशच्या मुक्तियुद्धावर आहे, के. सुब्रह्मण्यम यांच्याबरोबर लिहिलेले, १९७२ मधले. पाकिस्तान १९४७ मध्ये जन्मला तेव्हा त्याच्या दोन तुकड्यांमध्ये भारताची दीड हजार किलोमीटर भूमी होती. लोकसंख्येत बंगाली भाषकांची बहुसंख्या. सैन्य आणि नोकरशाहीत मात्र पश्चिमेचा वरचष्मा. मार्च १९४८ मध्ये ढाक्यात जिना यांनी उर्दूच राष्ट्रभाषा राहील असे सांगितले. २१ फेब्रुवारी १९५२ रोजी बंगालीसाठी रस्त्यावर उतरलेल्या विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला. डिसेंबर १९७० च्या निवडणुकीत अवामी लीगने पूर्वेतील १६२ पैकी १६० जागा जिंकल्या, म्हणजे सबंध देशात बहुमत मिळवले, तरी सत्ता दिली गेली नाही. २५ मार्च १९७१ च्या रात्री लष्कर ढाक्यात शिरले. नऊ महिन्यांत सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. ३ डिसेंबरला भारत-पाकिस्तान युद्ध जाहीरपणे सुरू झाले आणि १६ डिसेंबरला संपले.

जुन्या शास्त्राने हे युद्ध पाहिले तर ते ३ ते १६ डिसेंबर एवढेच दिसते: दोन देश, दोन सैन्ये, एक शरणागती. पण युद्धाचे मूळ भाषेत, नोकऱ्यांत आणि न दिलेल्या सत्तेत होते. दोन्हीकडे मुसलमान बहुसंख्य होते, एकच कलमा होता, तरी राज्य टिकले नाही. कारण ज्यांच्यावर राज्य करायचे त्यांना ते आपले वाटत नव्हते. याला या विषयात ‘अधिमान्यता’ म्हणतात. ती नसेल तर राज्यकर्ते बळाचा वापर वाढवतात, बळ वाढले की उरलीसुरली अधिमान्यता जाते, आणि शेवटी शेजारीही त्यात ओढला जातो.

या कथेला एक शेपूट आहे, ते बहुतेक पुस्तकांत तळटिपेत राहते. फाळणीत बिहार आणि आसपासच्या भागातून पूर्व पाकिस्तानात गेलेले उर्दू भाषक मुसलमान १९७१ नंतर कुणाचेच राहिले नाहीत. बांगलादेशाला ते शत्रूचे साथीदार वाटले, पाकिस्तानने त्यांतल्या थोड्यांनाच नेले. ढाक्याच्या मोहम्मदपूर भागातील जिनिव्हा कॅम्पसारख्या वस्त्यांत त्यांच्या पिढ्या वाढल्या. २००८ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने त्यांचे नागरिकत्व मान्य केले, म्हणजे देश जन्मल्यावर सदतीस वर्षांनी. एका दबलेल्या समाजाने राज्य मिळवले आणि त्या राज्याच्या बांधणीत दुसरा एक समाज दबला गेला.

आपल्या मराठवाड्यातील वाचकांना राज्यबांधणी समजायला ढाक्यापर्यंत जायचीही गरज नाही. ही जोड आमची आहे, अय्यूब यांची नव्हे, पण त्यांची चौकट वापरली की हैदराबादचा इतिहास वेगळ्या प्रकाशात दिसतो. १९४८ मध्ये निजामाच्या राज्यात सोळा जिल्हे होते. त्यांतले औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे पाच मराठी. प्रजा बहुसंख्येने हिंदू, सत्ता निजामाची. लातूरला वकिली करणाऱ्या कासीम रझवीच्या रझाकारांनी गावोगाव दहशत बसवली होती, हे सांगायला कुणी कचरू नये. १३ सप्टेंबरला भारतीय सैन्य शिरले, १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. नव्या भारतापुढे तीच तीन कामे होती: भूमी, सुव्यवस्था, महसूल. भूमीचा प्रश्न चार-पाच दिवसांत सुटला.

सुव्यवस्थेचे तसे झाले नाही. त्यानंतरच्या आठवड्यांत खेड्यापाड्यांतून मुसलमानांच्या कत्तली झाल्या, त्यात रझाकारांशी काडीचा संबंध नसलेले विणकर, शेतमजूर, दुकानदार मारले गेले. खुद्द केंद्र सरकारच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांनी त्या भागाचा दौरा केला. किमान २७ ते ४० हजार माणसे मारली गेली असावीत, असा त्यांचा अंदाज होता, आणि सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद (आताचा धाराशिव) आणि नांदेड हे दोन मराठी जिल्हे होते. जिवावर उदार होऊन मुसलमान शेजाऱ्यांना वाचवणाऱ्या हिंदूंचीही नोंद त्यांनी केली. हा अहवाल अनेक दशके प्रसिद्ध झाला नाही. मराठवाड्यातल्या कित्येक घरांत त्या दिवसांची आठवण ‘पोलीस ॲक्शन’ या दोन शब्दांत मिटवून ठेवलेली असते.

त्याच भूमीवर राज्यबांधणीचा दुसरा नमुनाही बघायला मिळतो. हे पाच जिल्हे १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आले. मराठी भाषकांच्या एका राज्यासाठी आंदोलन पेटले, शंभरावर माणसे गोळीबारात मेली, आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला. म्हणजे केंद्राने आधी बंदूक चालवून पाहिली, मग मागणी मान्य केली, आणि त्यामुळे देश फुटला नाही, उलट घट्ट झाला. पाकिस्तानने बंगालीबाबत जे टाळले ते भारताने मराठीबाबत, तेलुगूबाबत केले. जबरदस्ती आणि समजूत यांचे प्रमाण साधणे हेच राज्यबांधणीतले खरे कसब, असे अय्यूब मानतात. भाषेच्या बाबतीत ते साधले. १९४८ मध्ये ज्यांच्या वाट्याला फक्त पहिला भाग आला, त्यांच्याबाबत काय, हा प्रश्न त्यांच्या पुस्तकातून थेट सुटत नाही.

आणि इथेच त्यांच्या मांडणीवरचा मोठा आक्षेप येतो. अय्यूब सुरक्षेची व्याख्या राज्याच्या बाजूने करतात. राज्याची भूमी, त्याच्या संस्था आणि त्याचे सरकार यांना कोसळवू शकेल अशी कमजोरी, मग ती आतली असो वा बाहेरची, म्हणजे असुरक्षितता. रोगराई, दुष्काळ, बेकारी हे प्रश्न मोठे खरे, पण ते राज्य हलवू लागतील तेव्हाच त्यांना सुरक्षेचे प्रश्न म्हणावे. नाहीतर प्रत्येक दुःखाला सुरक्षा म्हटले की त्या शब्दाला अर्थच उरत नाही.

याच्या अगदी उलट बाजूला उभे आहेत डॉ. महबूब उल हक. १९३४ मध्ये जन्मलेले, केंब्रिजमध्ये अमर्त्य सेन यांचे सहाध्यायी, पाकिस्तानचे माजी अर्थमंत्री. संयुक्त राष्ट्रांचा मानव विकास अहवाल १९९० पासून त्यांनीच सुरू केला, आणि १९९४ च्या अहवालाने ‘मानवी सुरक्षा’ ही कल्पना जगापुढे ठेवली. त्यात सात प्रकार सांगितले आहेत: आर्थिक, अन्नाची, आरोग्याची, पर्यावरणाची, व्यक्तीच्या जिवाची, समूहाची आणि राजकीय. सुरक्षेचा हिशेब माणसापासून सुरू करायचा, सीमेपासून नव्हे. ब्रिटनमधील केन बूथ यांनी तर १९९१ मध्ये सुरक्षा म्हणजेच मुक्ती असे मांडले.

अय्यूब यांना हे भाबडे वाटते. त्यांचे उत्तर असे, की मुक्तीचा अर्थ प्रत्येक समूहाला स्वतःचे राज्य असा घेतला तर शेवट अनागोंदीत होईल, आणि अनागोंदीत सर्वांत आधी कमजोर माणूसच मरतो. राज्य वाईट असू शकते. राज्य नसणे त्याहून वाईट असते. यासाठी पुरावा म्हणून कुणीही इराककडे बोट दाखवावे. मे २००३ मध्ये अमेरिकी प्रशासक पॉल ब्रेमर यांनी एका हुकमाने इराकी सैन्य बरखास्त केले. साडेतीन लाखांहून अधिक हत्यारबंद माणसे एका दिवसात बेकार. सद्दाम हुसेनचे राज्य जुलमी होते यात शंका नाही, पण त्यानंतर जे आले ते शिया, सुन्नी, ख्रिस्ती, यझिदी कुणालाच सोसवले नाही. जून २०१४ मध्ये मोसुलसारखे शहर दाएशच्या हाती पडले. २०१४ मध्येच आलेल्या मध्यपूर्वेवरील आपल्या छोट्या पुस्तकात अय्यूब यांनी इराक आणि सीरियातील राज्ये कोसळणे हा त्या भागापुढचा मोठा धोका म्हणून मांडला आहे.

दोन्ही बाजू वाचल्यावर आमचे मत असे झाले आहे: राज्य कोसळल्यावर काय होते याबाबत अय्यूब बरोबर आहेत, आणि उभे असलेले राज्य आपल्याच नागरिकाला काय करू शकते याबाबत हक यांचे पारडे जड आहे. तिसऱ्या जगातील राज्यकर्ते ‘राष्ट्रीय सुरक्षा’ म्हणताना पुष्कळदा स्वतःच्या खुर्चीची सुरक्षा म्हणत असतात, हे अय्यूबही नाकारत नाहीत. पण त्यांच्या व्याख्येत सरकारही बसवलेले आहे, त्यामुळे अशा राज्यकर्त्याला ती सोयीचीच ठरते.

मग बाहेरच्यांनी येऊन लोकांना वाचवावे का? याबाबत अय्यूब फार साशंक आहेत आणि त्यांची शंका जिभेवर रेंगाळणारी आहे. १९९४ मध्ये रवांडात शंभरेक दिवसांत सुमारे आठ लाख माणसे मारली गेली. कत्तल चालू असताना सुरक्षा परिषदेने तिथले आपले शांतिसैनिक कमी करून २७० वर आणण्याचा ठराव केला. जुलै १९९५ मध्ये बोस्नियातील स्रेब्रेनित्सा हे संयुक्त राष्ट्रांनी ‘सुरक्षित क्षेत्र’ जाहीर केलेले गाव होते. तिथे आठ हजारांहून अधिक मुसलमान पुरुष आणि मुलगे मारले गेले. १९९९ मध्ये मात्र कोसोवोसाठी नाटोने सुरक्षा परिषदेच्या परवानगीवाचून बाँबफेक केली. कुणाला वाचवायचे आणि कुणाला नाही हे गरजेवरून ठरत नाही, बलवानांच्या सोयीवरून ठरते, हा त्यांचा मुद्दा. वसाहतींच्या काळात ‘हे लोक अजून सुसंस्कृत नाहीत’ असे म्हणून देश ताब्यात घेतले जात. मानवतेच्या नावाने केलेला हस्तक्षेप त्याच जुन्या कसोटीचा नवा अवतार होऊ नये, असा इशारा ते देतात.

अय्यूब यांच्या अभ्यासाचा आणखी एक भाग आपल्या वाचकांना जवळचा वाटेल: राजकीय इस्लामविषयीचे त्यांचे पुस्तक. ते २००८ मध्ये आले आणि २०२० मध्ये डॅनिएल लुसिए यांच्या साथीने त्याची दुसरी आवृत्ती निघाली. ११ सप्टेंबर २००१ नंतर पाश्चात्त्य जगात अशी समजूत पसरली होती, की मोरोक्कोपासून इंडोनेशियापर्यंत एकच राजकीय इस्लाम आहे, तो हिंसक आहे, आणि या धर्मात मशीद आणि दरबार कधी वेगळे नव्हतेच. पुस्तकाची सुरुवातच हे समज खोडून होते. इतिहासात सुलतान एकीकडे आणि उलेमा एकीकडे अशी व्यवहारातली वाटणी शतकानुशतके होती, असे ते दाखवतात. धर्माच्या नावाने आधुनिक राज्य चालवण्याची कल्पना वसाहतींच्या काळानंतरची, म्हणजे बरीच अलीकडची.

मग ते देशोदेशी फिरतात. सौदी अरेबिया आणि इराण दोघेही स्वतःला इस्लामी राज्य म्हणवतात, पण एकीकडे राजघराणे आणि दुसरीकडे निवडणुका व धर्मगुरूंची सत्ता यांचे मिश्रण. दोघांचे एकमेकांशी पटत नाही. इजिप्तमधील इखवान १९२८ चा, जमाते इस्लामी १९४१ ची. जमातचे संस्थापक मौलाना मौदूदी यांचा जन्म १९०३ मध्ये आपल्या औरंगाबादचा, हे जाता जाता सांगावेसे वाटते. दोन्ही संघटना विचारांनी सख्ख्या बहिणी, पण प्रत्येकीला आपापल्या देशाच्या राजकारणाने वेगळा आकार दिला. इंडोनेशियात मुहम्मदिया (१९१२) आणि नहदतुल उलेमा (१९२६) या संघटनांचे सदस्य कोट्यवधींच्या घरात आहेत आणि तिथे लोकशाही रुजली. लेबनॉनमधील हिजबुल्ला १९८२ च्या इस्रायली आक्रमणानंतर आणि पॅलेस्टाइनमधील हमास १९८७ च्या उठावात उभी राहिली; त्यांना समजून घ्यायचे तर आधी परकीय ताब्याचा इतिहास वाचावा लागेल, असे ते म्हणतात. समजून घेणे म्हणजे पाठराखण नव्हे, हे बारकाईने वाचणाऱ्याला कळते. आणि अल् कायदासारखे देशोदेशी फिरणारे गट या सगळ्या पसाऱ्याच्या कडेला आहेत, मध्यभागी नाहीत. मुसलमानांचे राजकारण त्यांच्या ग्रंथावरून ठरते असे मानणाऱ्यांना हे पुस्तक सांगते, की ते बहुतांशी त्यांच्या देशावरून ठरते.

आपल्या घरातील एखादा मुलगा किंवा मुलगी या विषयाकडे वळू इच्छित असेल तर वाटा आहेत. मुंबई विद्यापीठात नागरिकशास्त्र व राज्यशास्त्र विभाग आहे, पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठात संरक्षण व सामरिकशास्त्र विभाग. दिल्लीत जवाहरलाल नेहरू विद्यापीठाचे आंतरराष्ट्रीय अध्ययन विद्यालय आणि जामिया मिलिया इस्लामियाचे शांतता व संघर्ष-निवारणासाठीचे नेल्सन मंडेला केंद्र. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत ‘राज्यशास्त्र व आंतरराष्ट्रीय संबंध’ हा वैकल्पिक विषय घेता येतो. इंग्रजी वाचनाची सवय लागते, नकाशा आणि इतिहास यांची गोडी लागते. शाखा कला आहे की विज्ञान याने फारसे अडत नाही. ‘आपल्यासारख्यांचे हे क्षेत्र नाही’ असे मुलींना सांगणारे नातेवाईक प्रत्येक घरात असतात. त्यांचे ऐकून घ्यावे आणि अर्ज भरावा.

हे लिहीत असताना अय्यूब यांची चौकट ज्या देशाला सर्वांत घट्ट बसते तो देश सीरिया आहे. ८ डिसेंबर २०२४ रोजी बशर अल् असद पळाले आणि चोपन्न वर्षांची घराणेशाही संपली. जानेवारी २०२५ मध्ये नव्या सत्ताधाऱ्यांनी जुने सैन्य आणि सगळे सशस्त्र गट विसर्जित केल्याचे जाहीर केले. मार्चमध्ये किनारपट्टीच्या भागात अलवी समाजाच्या शेकडो लोकांची हत्या झाली, आणि त्याच आठवड्यात, १० मार्च रोजी, कुर्दांच्या नेतृत्वाखालील सैन्याला राज्यात सामावून घेण्याचा करार दमास्कसमध्ये झाला. भूमी, हत्यार आणि महसूल, तिन्ही कामे तिथे पहिल्यापासून सुरू आहेत, आणि आपण कोणत्या राज्याचे नागरिक होणार याची वाट सुन्नी, अलवी, द्रूझ, ख्रिस्ती आणि कुर्द घरांत सारखीच पाहिली जात आहे.